तरीचे कागद, नदीच्या आठवणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी, कागवाड, हुक्केरी, गोकाक, खानापूर आणि बेळगाव या भागातल्या नद्या, तरी (नावेनं नदी पार करायच्या जागा), नावा, उतार आणि काठच्या गावांचं जगणं यांचे जुने कागद, फोटो आणि आठवणी आम्ही काही जण मिळून नोंदवून ठेवतो. आमच्यात दोन निवृत्त मास्तर आहेत, एक बँकेतून रिटायर झालेले काका आहेत, बाकीचे नोकरीधंदा सांभाळून हे करणारे. फोनवर आणि यात्रा-जत्रेत भेटणारे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कृष्णेवर पूर्वी आगबोट चालायची म्हणे. खरं का?

आपल्या पट्ट्यात तरी नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून माणसं हिरमुसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गंगेवर आगबोटी होत्या. १८३० च्या दशकात कलकत्त्याहून अलाहाबादेपर्यंत त्यांची ये-जा सुरू झाली होती. खुद्द कृष्णेच्याही पार खालच्या अंगाला, विजयवाड्याजवळ १८५५ साली बंधारा झाला आणि तिथल्या कालव्यांतून मालाच्या नावा फिरू लागल्या. पण आपली कृष्णा वेगळी. मृगात चढते, श्रावणात काठ सोडते आणि दिवाळी झाली की खडक उघडे पाडते. माघात जिथून बैलगाडी पार व्हायची, तिथे आगबोटीचं चाक कशात फिरणार? घटप्रभेचं तर विचारूच नका, ती गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. त्यामुळे इथे प्रवासी आगबोटींची नियमित वाहतूक कधी नव्हती. होत्या त्या नावा, हरगोल आणि काहिली; त्या कशा, ते पुढे सांगतो.

पण आमचे पणजोबा आगबोटीनं मुंबईला गेले होते. ते खोटं बोलले का?

अजिबात नाही. ते वेंगुर्ल्याहून गेले असणार.

रेल्वे यायच्या आधी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, छावणी बसली आणि तिचं सामान समुद्रमार्गे वेंगुर्ल्याला उतरून घाट चढून वर येऊ लागलं. साधा प्रवासीही त्याच वाटेनं उलटा जायचा: बैलगाडीनं शिनोळीवरून आंबोली, तिथून सावंतवाडी, मग बंदर. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसांना होडीतून तिच्यापर्यंत नेऊन वर चढवायचे. पावसाळ्यात सगळं बंद. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे बेळगावात आली आणि ही वाट हळूहळू मागे पडली.

म्हणून घरातल्या जुन्या पत्रात ‘आगबोट’ शब्द दिसला तर कृष्णा शोधत बसू नका, वेंगुर्ला शोधा. बंदरावरून आलेली मालाची यादी, होडीवाल्याची पावती, घाटातल्या मुक्कामाचा खर्च असे कागद फार थोडे हाती लागलेत. तुमच्याकडे असतील तर आधी आम्हाला फोन करा, मग हा मजकूर पुढे वाचा.

तर, उतार, हरगोल, काहील, सांगड: यात फरक काय?

‘तर’ म्हणजे नावेनं नदी पार करायची ठरलेली जागा आणि ती सोयही. ‘उतार’ म्हणजे पाणी ओसरल्यावर चालत किंवा गाडीनं पार होता येईल अशी उथळ जागा. पायउतार हा शब्द आज फक्त मंत्र्यांसाठी उरलाय, पण तो मूळचा नदीतला.

नाव लाकडी, लांबट, काठीनं किंवा वल्ह्यानं चालणारी. हरगोल गोल, बांबूच्या कामट्यांचा विणलेला आणि वरून कातडं चढवलेला. पुढे कातड्याच्या जागी डांबर लावलेलं पोतं आलं. कन्नड बोलणारे त्याला हरिगोलू म्हणतात. तो चालवणं हे कसब आहे, नवख्याच्या हातात तो जागच्या जागी गिरक्या घेतो. काहील म्हणजे गुऱ्हाळावरची रस आटवायची मोठी कढई. गुऱ्हाळं बंद असली की तीच पुराच्या दिवसांत पाण्यावर. सांगड म्हणजे वाळलेले भोपळे बांधून केलेला तराफा, तो एकट्यादुकट्यासाठी.

कुठल्या गावाला यातलं काय होतं, ते कुणाच्या मालकीचं होतं, कोण चालवायचं, दर काय होता आणि तो रोख होता की सुगीला धान्यात, हे आम्ही गाववार लिहून घेतो. कित्येक गावांत नावाडी बलुत्यावर होता. गावच्या माणसाकडून प्रत्येक खेपेला पैसा नाही, खळ्यावर धान्य. पैसा द्यायचा तो परगावच्यानं. मोठ्या तरींचा सरकारी लिलाव व्हायचा, त्यासाठी मुंबई इलाख्यात १८६८ चा कायदा होता. लिलाव घेणारा तो मक्तेदार, आणि प्रत्यक्ष पाण्यात उभा राहणारा कोळी, भोई किंवा अंबिगेर. कागदावर नाव मक्तेदाराचं सापडतं. दुसऱ्याचं नाव हवं असेल तर माणसांनाच विचारावं लागतं.

तुम्ही नेमकं काय जमवता?

कागदांच्या आणि फोटोंच्या प्रती, आणि माणसांचे आवाज. तरीच्या मक्त्याचे कागद, कुलकर्णी दप्तरं, दुकानांच्या कीर्द-खतावण्या, शाळेचे जुने दाखले, लग्नपत्रिका, जत्रेच्या वर्गणीच्या वह्या, तंबाखूच्या वखारीच्या पावत्या, पुराच्या वर्षी घेतलेले फोटो. राजे-महाराजांच्या सनदा असल्या तर उत्तम, पण त्यांच्यामागे लागणारे पुष्कळ आहेत. चिंचलीच्या मायाक्काला जाताना गाड्या कुठल्या उतारानं पार झाल्या, हे लिहिलेली वही आम्हाला सनदेइतकीच महत्त्वाची वाटते.

मूळ वस्तू आम्ही नेत नाही. याचं कारण खाली वेगळ्या प्रश्नात आहे.

घरात मोडीतलं दप्तर आहे. कुणालाच वाचता येत नाही. काय करू?

आधी रुमाल, म्हणजे दप्तर बांधलेलं कापड, सोडू नका. म्हणजे सोडा, पण सोडण्याआधी बांधलेल्या अवस्थेतच त्याचा फोटो घ्या. कागद ज्या क्रमानं बांधले आहेत तो क्रम हीसुद्धा माहिती असते. आजोबांनी चार पावत्या एका दोऱ्यात ओवल्या असतील तर त्यांना कारण असणार. आम्ही पहिल्या वर्षी हा घोटाळा केला, सगळे कागद आकारानुसार नीट लावून ठेवले आणि कुठला कशाला जोडलेला होता ते कायमचं गमावलं.

मोडी वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी समजू नका. मोडी अवघड वाटते ती तीन गोष्टींमुळे: आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिलेलं असतं, शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. महिना-दोन महिने रोज अर्धा तास बसलं तर साध्या पावत्या लागू लागतात. आमच्या मास्तरांपैकी एक जण साठीनंतर शिकले आणि आता खतावण्या वर्तमानपत्रासारख्या वाचतात.

आपल्या भागात कुलकर्णी दप्तरं घराघरांत राहिली याला कारण आहे. १९५० च्या कायद्यानं मुंबई राज्यातली कुलकर्णी वतनं संपली, आणि बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होतं. सरकारी कामाचे कागद सरकारात जमा झाले, पण घरच्या प्रती, कच्ची टिपणं आणि पत्रव्यवहार माळ्यावर गेला. आता ती घरं पाडून स्लॅब पडतायत. माळा रिकामा करायच्या दिवशी बोलवा, आम्ही सुट्टी टाकून येतो.

कागदावरची तारीख कळत नाही.

शके असेल तर ७८ मिळवा, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा काळ असेल तर ७९. फसली, म्हणजे महसुली साल, असेल तर दख्खनी फसलीत ५९० मिळवून सुरुवातीचं इसवी साल येतं. पेशवाईतल्या कागदांवर ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका. ते अरबी आकडे आहेत: एक, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे सुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवा, १७७० आलं. हे साल मृगापासून सुरू होतं, त्यामुळे जानेवारीनंतरच्या तारखेला ६०० मिळवावे लागतात.

हिशेबाच्या वहीत रुपये-आणे-पै असेल तर सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. नवे पैसे दिसले की कागद एप्रिल १९५७ नंतरचा.

लॅमिनेशन करून ठेवलं तर टिकेल ना?

नाही. करू नका. सेलोटेपही लावू नका. दोन्ही परत निघत नाहीत, निघालेच तर अक्षरं घेऊन निघतात.

वाळवी आणि कसर लागू नये म्हणून काय?

ट्रंक भिंतीला टेकवून आणि जमिनीवर ठेवू नका, खाली विटा किंवा फळी घाला. वाळवी भिंतीतून येते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दसऱ्याला, कागद बाहेर काढून सावलीत वारा द्या, धूळ मऊ ब्रशनं झाडा. जुने लोक रुमालात वेखंडाची पुरचुंडी ठेवायचे, ती ठेवायला हरकत नाही, फक्त कागदाला थेट चिकटू देऊ नका. डांबरगोळ्या, फवारे आणि खडू मात्र कागदांपासून लांब. रुमाल धुतलेल्या सुती कापडाचा असावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, आणि आपल्याकडच्या आषाढात तर विचारायलाच नको.

पुरात कागद भिजले. फेकून द्यायचे का?

थांबा. २००५ मध्ये फेकले गेले, २०१९ मध्ये फेकले गेले, २०२१ मध्येही. दुधगंगा-वेदगंगेच्या काठच्या गावांत पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला गाद्यांच्या ढिगात वह्या आम्ही स्वतः पाहिल्यात. कल्लोळ-यडूरसारखे बंधारा-पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात, म्हणजे हा प्रश्न एकदाचा नव्हेच.

पहिले दोन दिवस महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरते. भिजलेली वही उघडू नका, पानं सोडवायला जाऊ नका, गाळ चोळून काढू नका. वही मिटलेलीच ठेवून वरचा चिखल स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेनं जाऊ द्या. मात्र जांभळ्या पेन्सिलीनं किंवा शाईपेननं लिहिलेलं असेल तर धुऊच नका, कारण ती शाई पाण्याबरोबर जाते. मग दोन वाटा. थोडेच कागद असतील तर सावलीत, पंख्याखाली, मध्ये मध्ये कोरे टिपकागद घालून वाळवा आणि ते टिपकागद बदलत राहा. उन्हात नको, पान वाकडं होतं आणि ठिसूळ पडतं. कागद खूप असतील तर प्रत्येक वही बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. हसू नका. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि तुम्हाला घर धुवायला आठ-पंधरा दिवस मिळतात. गावात वीज नसेल तर शहरातल्या पाहुण्यांचा, आइस्क्रीमवाल्याचा, कुणाचाही फ्रीजर चालेल. २०१९ ला एका घरची लग्नाची आणि जमाखर्चाची कागदपत्रं तीन आठवडे दूध डेअरीच्या खोलीत होती.

फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ते वाळू देऊ नका. थंड स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, बहुतेक वेळा आपोआप सुटतात. मग पाठीवर टाकून वाळवा. बुरशी आलेला कागद हाताळताना मास्क लावा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

मोबाईलवर फोटो काढले तर चालतील?

चालतील, नीट काढले तर. खिडकीपाशी, फ्लॅश बंद, खाली साधं गडद कापड. मोबाईल कागदाच्या बरोबर वर धरा, तिरका नको. बाजूला पट्टी आणि नंबराची चिठ्ठी ठेवा. दोन्ही बाजू घ्या, कोऱ्या पानाचीसुद्धा, कारण मागे एखादा शिक्का निघतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर अक्षर फुटतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि एक प्रत गावाबाहेर असू द्या: पुण्याची मुलगी, बेंगळुरूचा भाचा, कुणीही. नदी सगळ्या प्रती एका रात्रीत नेऊ शकते.

आजी-आजोबांना काय विचारायचं? ते म्हणतात, ‘आमचं काय सांगायचं?’

‘जुना काळ कसा होता’ असं विचारलं की असंच उत्तर येतं. वस्तूपासून सुरू करा.

कृष्णाकाठच्या एका आजींकडे आम्ही तासभर बसलो होतो. चहा झाला, पोहे झाले, आणि आजी ‘काय न्हाई बाळ, कष्टच’ यापलीकडे जाईनात. मग आमच्यातल्या एकानं सहज विचारलं, ‘आजी, नावेत बैल कसे चढवायचे हो?’

आजी हसल्या. ‘आरं, बैल काय नावंत बसतंय व्हय? त्ये पवतंय! आपुन शेपटी धरायची.’ आणि उठून पदर खोचून दाखवायलाच लागल्या. आधी जू सोडायचं, मग चाकं काढायची, गाडीचं धूड नावेवर आडवं. एक गडी पुढं वेसण धरून नावेत, बैल नावेच्या कडेनं पाण्यात. बुजरा असला तर डोळ्यांवर पोतं. पाणी वाढलं तर हाळी मारायची ती कन्नडमध्ये, कारण पलीकडचा नावाडी कन्नड. ‘आनि शिव्या?’ आम्ही विचारलं. ‘त्या मराठीत,’ आजी म्हणाल्या. पुढचे दोन तास आम्हाला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

तांत्रिक बाबी थोडक्यात: फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, कुकर लावण्याआधी किंवा नंतर बसा. सुरुवातीला तारीख, गाव आणि ‘रेकॉर्ड करू का, आणि हे लोकांना ऐकवलं तर चालेल का’ हे विचारून त्यांचं उत्तरही आवाजात घ्या. जे सांगून नंतर ‘हे नको’ म्हणतील ते कापा, वाद घालू नका. आणि त्या बोलल्या तसंच लिहा. ‘पवतंय’चं ‘पोहतो’ केलंत तर कृष्णाकाठ गेला, पुस्तक उरलं.

नोंदीत बेळगाव लिहायचं की बेळगावी? आणि कन्नड कागदांचं काय?

सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी. कागदावर जे आहे ते तसंच उतरवतो आणि शोधणाऱ्याला सापडावं म्हणून शेजारी दुसरंही देतो. यडूर-येडूर, चिकोडी-चिक्कोडी, तसंच.

सीमेच्या प्रश्नावर आमच्यातल्या प्रत्येकाला मत आहे आणि ते चहाच्या टपरीवर मोठ्यानं मांडलंही जातं. यादीत मात्र ते येत नाही. १९५६ च्या आधीचा कागद मुंबई राज्याचा, नंतरचा म्हैसूरचा, १९७३ नंतरचा कर्नाटकचा, आणि त्याही आधी गाव कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड किंवा जमखंडी संस्थानात असू शकतं. बेळगावला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानात होतं आणि रायबाग कोल्हापुरात. एकाच तरीचा अलीकडचा काठ एका दप्तरात आणि पलीकडचा दुसऱ्यात सापडतो. खिद्रापूरच्या घाटावर उभं राहिलं की समोर दिसतो तो काठ कर्नाटकात, आणि त्या काठावरच्या जुगूळच्या माणसाला खिद्रापूर अजून ‘पल्याड’ एवढंच. कन्नड कागद आम्ही तितक्याच काळजीनं घेतो. कन्नड वाचणारे दोघं आहेत, आणखी हवेत.

सरकारी जुने कागद कुठे शोधावेत?

गाव कुठल्या राज्यात होतं ते आधी ठरवा, कारण कागद राज्यकर्त्याच्या मागे जातो. इंग्रजी मुलुखातल्या गावासाठी मुंबईचं पुराभिलेखागार: महसूल आणि बांधकाम खात्यांच्या बाडांत रस्ते, पूल, तरी. कोल्हापूर संस्थानातल्या गावासाठी कोल्हापूर पुरालेखागार. पेशवाई आणि इनाम कमिशन (इनाम जमिनींची इंग्रजांनी केलेली चौकशी) यांच्यासाठी पुणे. १९५६ नंतरचं कर्नाटकाकडे. सुरुवात मात्र १८८४ च्या बेळगाव जिल्हा गॅझेटियरपासून करा. त्यात त्या काळचे रस्ते, घाट, बाजार आणि तरी एका जागी मिळतात, आणि ते इंटरनेटवर फुकट आहे. जुन्या बातम्यांसाठी बेळगावचं सार्वजनिक वाचनालय गाठा. जाताना वही आणि पेन्सिल न्या, पेन बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.

तुम्ही मूळ कागद का नेत नाही?

एकदा नेला होता. एका काकांनी त्यांच्या वडिलांची तरीच्या हिशेबाची वही विश्वासानं दिली: लांबट, लाल कापडाची बांधणी, कडेला रॉकेलच्या चिमणीचा काळा डाग. स्कॅनिंगसाठी आम्ही ती शहरातल्या एका दुकानात टाकली. संध्याकाळी आणायला गेलो तर पोरानं काम लवकर व्हावं म्हणून बांधणी कापून पानं सुटी केली होती आणि मशीनमध्ये एकामागून एक घातली होती. स्कॅन झकास आले होते. चूक त्याची म्हणावी तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काकांनी पानं हातात घेतली, मोजली, सुतळीनं बांधली आणि ‘चहा घेणार ना?’ म्हणाले. तेव्हापासून आम्हीच कॅमेरा घेऊन घरी येतो आणि तुमच्या डोळ्यांसमोर काम करतो.

जमिनीच्या दाव्यात किंवा कुणबी नोंदीसाठी तुमची प्रत चालेल का?

नाही. त्यासाठी संबंधित कचेरीतून सही-शिक्क्याची नक्कल काढावी लागते. २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि हा फोन रोजचा झाला, म्हणून स्पष्ट लिहितो. दप्तरात एखादी नोंद दिसली तर ती कुठल्या पानावर आहे एवढं आम्ही सांगू.

कागद दिल्याबद्दल पैसे मिळतात का?

नाही. घेतही नाही.

आमचे आजोबा नावाडी होते. घरात एकही कागद नाही. आमचं काय नोंदवणार?

तुमच्याकडेच आधी यायला हवं होतं. मक्तेदाराच्या घरी वही असते, नावाड्याच्या घरी वल्हं असतं. ते अजून गोठ्यात आड्याला लावलेलं असेल तर त्याची लांबी मोजू, मूठ कुठे झिजली त्याचा फोटो घेऊ. कुठल्या महिन्यात नाव काठावर ओढून उलटी टाकायचे, डांबर कोण आणायचं, पूल झाल्यावर आजोबांनी काय काम धरलं, हे विचारू. हेळवी तुमच्या घरी येतात का, हेही विचारू. नंदीवर बसून वंशावळ सांगत फिरणाऱ्या या लोकांच्या पोथीत तुमच्या घराण्याची नावं असू शकतात, आणि ते सुगीनंतर येतात, त्यामुळे त्यांची वेळ गाठावी लागते. मागच्या खेपेला एका घरी ते आदल्याच दिवशी येऊन गेले होते. यंदा त्या घरच्या सूनबाईंनी सांगितलंय, नंदीच्या घंटेचा आवाज आला की लगेच फोन करते.